शुक्रा हवालदाराचं नवं रिव्हॉल्वर

उधव्याच्या पाड्यावर शुक्रा धोडीच्या घरात शिरलं की आधी भिंत नजरेत भरायची. भिंतीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूनं लिहिलेलं नाव: कोयता, दोरी, बॅटरी, छत्री, संगिताची पिशवी. वस्तू ज्या खिळ्यावरून घेतली त्याच खिळ्यावर परत आली पाहिजे, हा घरचा कायदा होता. शुक्राच्या म्हाताऱ्या आईला, बायजीला, वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिनं हा कायदा कधी मानला नाही. ती कोयता छत्रीच्या खिळ्याला अडकवायची आणि शुक्रा तो मुकाट्यानं काढून आपल्या जागी लावायचा. वीस वर्षं फौजेत त्यानं हेच काम केलं होतं, फक्त तिथं कोयत्याच्या जागी रायफली असायच्या.

फौजेत तो आर्मरर होता. पलटणीची हत्यारं सांभाळायची, पुसायची, मोजायची आणि बिघडली तर दुरुस्त करायची, हे आर्मररचं काम. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला आणि दोन हजार तेरा साली हवालदार होऊन परतला. पाड्यावरची पोरंटोरंच काय, त्याच्याहून वडील माणसंही त्याला हवालदार म्हणायची. कुणाचा पंप बंद पडला, कुणाच्या मोटारसायकलीचा क्लच घसरला की माणसं त्याच्या ओट्यावर यायची. शुक्रा आधी वस्तूला हात लावायचाच नाही. कान देऊन ऐकायचा आणि मग न उघडताच सांगायचा, अमुक ठिकाणी तमुक झालंय. दहात नऊ वेळा ते खरं निघायचं. दहावी वेळ लोक विसरून जायचे आणि शुक्राही.

पण पेन्शनीत घर चालतं तेवढंच. मुलगी जागृती शिकत होती, शेत पावसाळी आणि तेही तुकड्यातुकड्यांचं. म्हणून फौजेतून सुटल्यावर चार वर्षं त्यानं मुंबईत एका कंपनीच्या गेटवर पहारा केला. अंधेरीत एका खोलीत सात जण राहायचे. पाळी रात्रीची असेल तर झोपायचं दिवसा, दुसऱ्याच्या गरम वळकटीवर. महिन्यातून दोन दिवस उधव्याला यायचं, भिंतीवरच्या वस्तू जागच्या जागी लावायच्या आणि परत जायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याच्या ध्यानात आलं की जागृती बारावीला गेली आणि आपण तिला एकदाही शाळेत सोडायला गेलो नाही. त्याला आता घरी राहायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

अशा वेळी जतीनभाई भेटला. तलासरीजवळ हायवेला त्याचा पेट्रोल पंप. रोजची रोकड बँकेत न्यायची, तर सोबत स्वतःचं परवान्याचं हत्यार असलेला माणूस हवा होता. तलासरीची नोकरी, सकाळी नऊला जायचं आणि सहाला सुटायचं. शुक्रानं मुंबईची नोकरी सोडली आणि रिव्हॉल्वरच्या परवान्याच्या मागे लागला. पालघर जिल्हा तेव्हा तीन वर्षांचा होता, अजून बोट धरून चालणारा. कचेरीत कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे टेबलांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. पण माजी सैनिक म्हटल्यावर लोकांनी खुर्ची दिली, परवाना मिळाला, आणि दोन हजार सतराच्या सप्टेंबर अखेरीस शुक्रा मुंबईच्या दुकानातून नवंकोरं रिव्हॉल्वर घेऊन घरी आला. बरोबर एक वर्षाच्या वॉरंटीचं कार्ड होतं. ते त्यानं रिव्हॉल्वरपेक्षा जपून आणलं.

घरी त्यानं चटईवर पांढरं फडकं अंथरलं आणि सगळ्यांना हत्यार दाखवलं. फौजेची शिस्त अशी की रिकामं हत्यार उघडून दाखवायचं, म्हणजे रिकामं असल्याबद्दल कुणाला शंका राहत नाही. म्हणून त्यानं सहा गोळ्यांचं चक्र बाजूला काढलं. पुढची दांडी दाबली की रिकाम्या पुंगळ्या मागून कशा बाहेर पडतात हेही जागृतीला दाखवलं. बायजी तेवढ्यात आतून नव्या तांदळाची मूठ घेऊन आली. हळवा, म्हणजे आधी पिकणारा भात नुकताच झोडून झाला होता. घरात नवी वस्तू आली की तिच्यावर तांदळाचे चार दाणे टाकायचे, धान्याच्या देवीला, कणसरीला, ती दाखवायची, ही तिची रीत. सायकल आली तेव्हा टाकले, टीव्ही आला तेव्हा टाकले, शुक्राच्या मोबाइलवरही टाकले होते. रिव्हॉल्वरवरही तिनं चार दाणे टाकले, हात जोडले आणि आपल्या कामाला गेली. शुक्रानं दाणे झटकले, हत्यार पुसलं आणि पेटीत बंद केलं.

आठवडाभरानं तो जतीनभाईच्या ऑफिसात गेला. जतीनभाई चाळिशीचा, गोलमटोल, मराठी बोलताना मधेच गुजरातीत घसरणारा माणूस. हत्याराची त्याला मनातून भीती होती, म्हणून तो टेबलाच्या पलीकडं उभा राहिला. शुक्रानं चक्र उघडून रिकामं असल्याचं दाखवलं, पंपावरची आगीसाठी ठेवलेली वाळूची लाल बादली आणवली आणि नळी वाळूकडे धरली. चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. तिसऱ्या वेळी घोडा अर्धा उठला आणि अडकला. चक्र जागचं हललं नाही. शुक्रानं चाप सोडला, परत ओढला. तेच.

शुक्राच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वीस वर्षांत त्याच्या हातचं हत्यार कुणासमोर अडलं नव्हतं, आणि अडलं ते नोकरी मागायला आल्यावर. जतीनभाईनं मात्र आवाज चढवला नाही. तो म्हणाला की दिवाळीनंतर लाभपाचमेला आपण नव्या वर्षाचा धंदा सुरू करतो, त्या दिवसापासून माणूस पाहिजे. तोवर हत्यार नीट झाल्याचा कारखान्याचा कागद आणा, कारण रोकडीचा विमा आहे आणि विमावाला कागद मागतो. नाहीतर वापीचा एक जण दुनळी बंदूक घेऊन तयारच आहे.

आता दुसरा कोणी असता तर घरी जाऊन आधी नीट बघितलं असतं. शुक्रानं काय केलं, तर घरी आल्याबरोबर पुठ्ठ्याची चिठ्ठी कापली, तिच्यावर लिहिलं, "नादुरुस्त. हात लावू नये. हवालदार शु. बा. धोडी, दि. ६-१०-२०१७", आणि ती चिठ्ठी सुतळीनं रिव्हॉल्वरला बांधून पेटीला कुलूप घातलं. फौजेत असंच करतात. चिठ्ठी बांधली की ते हत्यार वर्कशॉपचं झालं, त्याला आर्मररनंही बोट लावायचं नाही. हा धडा शुक्रा भरती झाल्यावर दुसऱ्याच वर्षी शिकला होता. एका नव्या पिस्तुलाला त्यानं उत्साहानं स्क्रूड्रायव्हर लावला. कंपनीनं वॉरंटी नाकारली आणि उस्तादानं त्याला भर उन्हात मैदानाला अकरा फेऱ्या मारायला लावल्या. त्या फेऱ्या त्याच्या अंगात मुरल्या होत्या.

शिवाय त्याला रोग कळला होता. टक् टक् आणि मग अडणं, हा आवाज त्यानं ऐकला होता ना. आत चक्राला ढकलणारा एक छोटा पंजा असतो, त्याची स्प्रिंग कारखान्यात तिरकी बसवलीय, असा त्यानं निकाल दिला. हा निकाल त्यानं बायकोला, संगिताला, सांगितला, जतीनभाईला फोनवर सांगितला, उधव्याच्या नाक्यावर चहा पिताना सांगितला आणि तलासरीच्या पोलीस ठाण्यातही सांगितला. आजकालच्या कारखान्यांत जुने कारागीर राहिले नाहीत, यावर त्यानं नाक्यावर जवळजवळ भाषणच केलं.

संगिता बोलायला मोजकी. वाडीत चिकू तोडायच्या कामाला जायची, दिवसभर उंच झाडावर आणि घरी आल्यावर जमिनीवर. तिनं भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, "चूल धुरायला लागली तर आपण आधी राख काढून बघतो. चूल घेऊन कुंभाराकडे जात नाही."

शुक्रानं तिला वॉरंटी समजावून सांगितली. अर्धा तास समजावली. संगितानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटची भाकरी तव्यावर टाकली.

कार्डावरचं बारीक इंग्रजी जागृतीनं वाचलं. कारखान्याचा फोन सकाळी दहा ते एक लागायचा. लागायचा म्हणजे वाजायचा. चौथ्या दिवशी कुणीतरी उचलला आणि हिंदीत सांगितलं की हत्यार घेऊन या, दिवाळीसाठी सेक्शन अठरा तारखेला बंद होईल. कुरियरवाला पेटीत काय आहे ऐकून दोन पावलं मागं सरला. पोस्टातल्या बाईंनी तर आधी पाणी मागवलं. शेवटी स्वतःच जायचं ठरलं. त्यासाठी पोलीस ठाण्याचं पत्र लागलं. तिथला कारकून हत्याराचा नंबर लिहिताना मान वर करून म्हणाला, "हवालदार, तुम्ही स्वतःच आर्मरर ना? मग?" शुक्रानं त्यालाही वॉरंटी समजावली.

निघायच्या दिवशी संगितानं भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. बायजीनं कुलूपबंद पेटीवर चार दाणे टाकले आणि आजारी माणसाला म्हणावं तसं पेटीला म्हणाली, बरं होऊन ये बाय. शुक्रानं वापीहून गाडी धरली. कारखाना लांब उत्तरेत, दोन रात्रींच्या प्रवासावर होता. पेटी उशाला घेऊन तो पडून राहिला. समोरच्या बाकावरच्या माणसानं पेटीत काय म्हणून तीनदा विचारलं, तेव्हा यंत्राचा सुटा भाग म्हणून सांगितलं. झोप काही लागली नाही. लाभपाचमेला जतीनभाईच्या गाडीत आपण बसलो नाही तर सोमवारी परत अंधेरी, परत ती खोली आणि दुसऱ्याच्या अंगानं गरम झालेली वळकटी, हेच डोक्यात फिरत राहिलं. वय वाढतं तसं माणूस घराबाहेर राहायला सरावतो असं म्हणतात. शुक्राचं उलटं झालं होतं.

कारखान्याच्या फाटकावर दीड तास गेला. पत्र, परवाना, कार्ड, सगळं तीन जणांनी पाहिलं. मग त्याला एका लांबट खोलीत नेलं. तिथं टेबलामागं एक बाई बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, निळा कोट, नाकावर घसरलेला जाड चष्मा, आणि हाताच्या बोटांना तेलाचा काळा रंग कायमचा बसलेला. शुक्रानं ती बोटं बघितली आणि ही बाई कामातली आहे हे त्याला कळलं. त्यानं आपली ओळख करून दिली. आर्मरर, वीस वर्षं. मग रोग सांगितला: पंजाची स्प्रिंग, तिरकी बसलेली. बाईंनी मान डोलावली. सुतळी सोडून चिठ्ठी बाजूला ठेवली, टेबलावर कोरा पांढरा कागद पसरला, चक्र उघडलं, दांडी दाबली आणि रिव्हॉल्वर कागदावर दोनदा हलकेच आपटलं.

कागदावर काहीतरी पडलं. बाईंनी चिमट्यानं उचलून ते उजेडात धरलं. तांदळाची अर्धी कणी होती ती.

चक्राच्या मागं पुंगळ्या ढकलणारी एक चांदणी असते, दांडी दाबली की ती उचलली जाते. त्या चांदणीखाली कणी अडकली होती. चांदणी केसभर वर राहायची, चक्र फिरताना मागं घासायचं आणि अडायचं. स्क्रूड्रायव्हरची गरज नव्हती, काही उघडायची गरज नव्हती. घरच्या ओट्यावर बसून बोटानं झालं असतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. दांडी दाबून धरली होती, चांदणी वर होती, आणि नेमक्या त्याच वेळी आईनं दाणे टाकले होते. शिस्तीनं उघडं ठेवलं म्हणून कणी आत गेली आणि शिस्तीनं हात लावला नाही म्हणून ती आत राहिली. उस्ताद आज असता तर त्यानं अकरा नाही, बावीस फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, "घर में माँ हैं?"

शुक्रानं हो म्हणून मान हलवली.

त्या हसल्या, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. म्हणाल्या की महिन्याला दोन-चार जण येतात. कधी तांदूळ, कधी कुंकू, एकदा तर लाडवाचा चुरा निघाला होता. दसऱ्यानंतर गर्दी जास्त. मग त्यांनी चक्राची सहाही घरं फिरवून पाहिली, चाप तीसेक वेळा ओढला, आत तेल दिलं आणि रिपोर्टचा कागद पुढं ओढला. पेन उचललं आणि थांबल्या. शुक्राच्या लाल झालेल्या कानांकडं त्यांचं लक्ष गेलं असावं.

"आप आर्मरर हैं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लिख दूँ, स्प्रिंग ठीक की?"

शुक्राला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं. स्प्रिंग म्हणून तो गावभर सांगून आला होता. स्प्रिंग लिहिलं की जतीनभाईपुढं मान ताठ, नाक्यावर मान ताठ. तांदूळ लिहिला तर ज्या आर्मररला आपल्याच हत्यारातली कणी दिसली नाही त्याच्या हाती रोकडीची पिशवी कोण देईल? वापीवाला दुनळी घेऊन बसलाच होता. पण मग त्याला आपली फौजेतली वही आठवली. वीस वर्षं त्या वहीत त्यानं हत्याराचं जे झालं तेच लिहिलं होतं. चुकीचं लिहिलं की पुढचा आर्मरर चुकीच्या जागी शोधत बसतो आणि ऐन वेळी कुणाचा तरी जीव जातो. हे हत्यार पुढं आयुष्यभर त्याच्याच कमरेला राहणार होतं, तरी लिहिताना हात वळायचा नाही हे त्याला ठाऊक होतं.

"जे निघालं तेच लिहा," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, पण बाईंना कळलं.

त्यांनी लिहिलं: कारखान्याचा दोष आढळला नाही, तांदळाचा तुकडा काढला, हत्यार ठीक. सही केली, शिक्का मारला. आणि काढलेला भाग मालकाला परत द्यायचा हा तिथला नियम, म्हणून ती अर्धी कणी प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात घातली, पाकिटावर रिव्हॉल्वरचा नंबर आणि तारीख लिहिली आणि ते पाकीट रिपोर्टला टाचणीनं टोचून दिलं.

धनतेरसच्या दिवशी शुक्रा घरी पोहोचला. आधी कागद संगिताच्या हातात दिला. जागृतीनं वाचून दाखवला आणि मग पाकीट उजेडाला धरलं. संगितानं तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले आणि शेवटी ती भिंतीला टेकून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. जागृती म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आमच्या पुस्तकात आहे. शुक्रा म्हणाला, असू दे पुस्तकात. पण मग तोही हसला. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी संगिताला इतकं हसताना त्यानं चार-पाच वेळाच पाहिलं असेल. ती हसायची तेव्हा तो बहुतेक कुठल्यातरी छावणीत असायचा.

बायजीला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. देवीच्या दाण्यानं बिघाड झाला असं म्हटलं तर ती मनाला लावून घेईल, जेवायची नाही. शुक्रानं दोन दिवस काढले आणि मग जमेल तसं सांगितलं, की दाणे पेटीवर टाक, उघड्या हत्यारावर नको, आत जागा लहान असते. बायजीनं ऐकलं आणि उलट त्यालाच झापलं, की मग आधी सांगायचं ना, आणि एवढा हवालदार होऊन तुला पेटी झाकता येत नाय?

दिवाळी गेली. पाड्यावर नाच झाला, तारपा वाजला, पण शुक्राचं लक्ष कागदात होतं. कागद द्यायचा हे ठरलेलं होतं, पण तो दिल्यावर जे होईल त्याची त्याला धास्ती वाटत होती. हे त्यानं संगितालाही सांगितलं. ती म्हणाली, झालं नाही तर परत मुंबई, काय होईल. पण हे म्हणताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

लाभपाचमेला तो पंपावर गेला तर ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर वापीवाला बसलेला. खाकी कपडे, मोठ्या मिशा, गुडघ्यांमध्ये कापडात गुंडाळलेली दुनळी. शुक्रानं त्याला नमस्कार केला, त्यानंही केला. आत जतीनभाईनं नव्या वहीवर कंकूचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून ठेवला होता. शुक्रानं कागद टेबलावर ठेवला. पाकीट वर आलं.

जतीनभाईनं आधी पाकीट बघितलं, मग कागद वाचला, मग परत पाकीट बघितलं.

"हे काय, चोखा?" त्यानं विचारलं. गुजरातीत तांदळाला चोखा म्हणतात.

शुक्रानं सगळं सांगितलं. उघडं चक्र, आईचे दाणे, चिठ्ठी, दोन रात्रींचा प्रवास. स्प्रिंग म्हणून आपण छातीठोक सांगितलं ते चूक होतं, हेही सांगितलं. सांगताना तो वाळूच्या लाल बादलीकडं बघत होता.

जतीनभाईनं खुर्ची मागं रेलवली. त्यानं खिडकीतून पंपाच्या दुसऱ्या मशीनकडं बोट दाखवलं. ती मशीन नवी आली तेव्हा त्याच्या बानं, म्हणजे आईनं, बटणाबटणाला कंकू-चोखा लावला होता. पहिल्याच दिवशी पाचचं बटण बसलं. बाहेर हायवेपर्यंत गाड्यांची रांग आणि मशीन पाच म्हणायला तयार नाही. कंपनीचा इंजिनिअर सुरतेहून आला, बटण काढलं आणि आतून चोखा निघाला. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण बा अजून त्या मशीनला रोज अगरबत्ती ओवाळते.

शुक्राला हसू आलं, पण ते त्यानं दाबलं. अजून काही ठरलं नव्हतं.

जतीनभाईनं कागद परत उचलला आणि व्यापाऱ्याच्या नजरेनं पुन्हा वाचला. "शुक्राभाई, इथं लिहिलंय, कारखान्याचा दोष नाही," तो म्हणाला. "स्प्रिंग दुरुस्त केली असं असतं ना, तर विमावाला अडला असता, रिपेअरचं हत्यार नको म्हणून. हे चालेल. आजपासून या."

शुक्रानं कागद घडी करून खिशात ठेवला. जतीनभाई बाहेर जाऊन वापीवाल्याशी बोलला. त्याला पंपावरच्या कँटीनमध्ये चहा पाजला आणि उंबरगावच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं नाव दिलं. वापीवाला जाताना शुक्राला हात करून गेला.

त्या दिवशी शुक्रानं दोनदा बँकेत खेप केली. रिव्हॉल्वर कमरेला होतं आणि त्याचा काही उपयोग करायची वेळ आली नाही, जशी ती येऊ नये. सहा वाजता सुटला. मोटारसायकलनं तलासरीहून उधव्याला येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे भारे रचलेले होते आणि कोंबड्या अजून खळ्यांत टिपत होत्या.

बायजी ओट्यावर वाल सोलत बसली होती. अंगणात शुक्रा आला, अंगावर नवा निळा गणवेश, पायांत बूट, खांद्याला डब्याची पिशवी. चोवीस वर्षं तो असाच बाहेरगावाहून अंगणात यायचा, कधी फौजेतून, कधी मुंबईहून. आणि चोवीस वर्षं बायजीनं त्याला कसा आहेस म्हणून आधी कधी विचारलं नव्हतं. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, कारण किती दिवसांसाठी आलाय यावर कोंबडा कधी कापायचा, सुकट किती काढायची आणि मनाला किती सैल सोडायचं हे सगळं तिला बसवायचं असे. गणवेश बघून तिच्या तोंडून तोच प्रश्न आला.

"किती दिसाची रजा हाय रं?"

शुक्रा अंगणातच थांबला. "रजा नाय, आये. कामावरनं आलोय. उद्या सकाळी जाणार, संध्याकाळी येणार."

बायजीनं हातातली शेंग खाली ठेवली. "आनि परवा?"

"परवा पण."

तिनं पदरातली सालं झटकली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "म्हनजे आता रोजच तुझा भात टाकायला लागल."

शुक्रा ओट्यावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. सोपी गाठ होती, पण त्याला ती नीट दिसत नव्हती.